ओला धूप

सोलापुरातली गड्ड्याची यात्रा उरकून आठवडा झाला होता आणि गुरुवारची दिवेलागण होती. मुलीने पुण्याहून पाठवलेला डिफ्यूझर मी देवघराशेजारच्या फळीवर ठेवला, आतल्या रेषेपर्यंत पाणी भरले, त्यात फ्रँकिन्सेन्स या सुगंधी राळेच्या तेलाचे चार थेंब टाकले आणि बटण दाबले. चोचीतून पांढऱ्या धुक्याची एक बारीक धार वर निघाली. सासूबाई खुर्चीचा आधार घेऊन उठल्या, चार पावले चालत आल्या आणि दोन्ही तळहात त्या धारेवर धरून त्यांनी ते रीतीप्रमाणे चेहऱ्यावरून मागे केसांपर्यंत नेले. धुपाटणे घरभर फिरवून देवापुढे आणून ठेवल्यावर घरातली माणसे धूर घेतात, अगदी तसेच. मग मात्र त्या थबकल्या. तळहात उलटसुलट करून पाहिले, पदराला पुसले आणि म्हणाल्या, "ओलं लागतंय की गं."

त्यात तक्रार नव्हती. दूध उतू गेले, नळाला पाणी आले, अशा सहजतेने सांगितलेली ती केवळ एक गोष्ट होती. "हो आई, यात विस्तव नसतो," असे काहीसे बोलून मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापायला गेले. पण तव्यावरच्या भाकरीला पाणी लावताना तोच शब्द बोटांना लागत राहिला आणि पुढे कितीतरी दिवस तो तसाच लागत राहिला.

घरातला धूर बंद होण्याचे कारण साधे आहे. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना धाप लागू लागली. डॉक्टरांनी तोंडाने ओढायचा पंप लिहून दिला आणि घरात कसलाही धूर नको, उदबत्तीसुद्धा नको, असे बजावले. तेव्हापासून पितळी धुपाटणे जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर, गणपतीच्या सामानाशेजारी पडून आहे. लग्न होऊन या घरात आल्यापासून दर गुरुवारी आणि अमावास्येला नारळाची शेंडी पेटवून, तिच्यावर निखारा धरवून, चिमूटभर ऊद टाकून तो धूर प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात दाखवण्याचे काम त्यांनी कोणालाही करू दिले नव्हते. बंदी आल्यावर त्यांनी वाद घातला नाही. फक्त गुरुवारी संध्याकाळी त्या वेळेला त्या थोड्या अस्वस्थ होत, उठून उगाचच खिडक्या बंद करीत आणि पुन्हा उघडीत. हे मुलीला फोनवर सांगितले तेव्हा तिने हा उपाय काढला. डिफ्यूझरमध्ये जळत काहीच नाही. तळाशी एक लहानशी चकती असते, ती सेकंदाला लाखो वेळा थरथरते. ती थरथर आपल्या कानांना ऐकू येत नाही, पण तिच्यावरचे पाणी इतके बारीक फुटते की ते हवेत तरंगू लागते आणि पाण्यावरचे तेल सोबत नेते. तेव्हा त्याला वाफ म्हणणेही खरे नाही, कारण वाफ गरम असते. सासूबाईंच्या तळहातांनी यंत्राची माहितीपुस्तिका न वाचता हे ओळखले होते.

मुलीने चिठ्ठीवर एक मेळ लिहून दिला होता: फ्रँकिन्सेन्सचे तीन थेंब, गोड संत्र्याचे दोन, लव्हेंडरचा एक. पहिल्या गुरुवारी मी नुसते फ्रँकिन्सेन्स लावले होते, आणि खरे सांगायचे तर तो वास मला निराश करून गेला. मला धुपाची अपेक्षा होती आणि आला तो दिवाळीआधी दारे-खिडक्या रंगवताना येतो तसा टर्पेंटाइनचा, त्यावर पिळलेल्या लिंबाच्या सालीचा. साडेसातशे रुपयांची दहा मिलिलिटरची बाटली आणि तिच्यात रंगाऱ्याचा डबा! आपली फसवणूक झाली असे माझ्या मनात आलेच. नंतर वाचल्यावर कळले की फसवणूक नव्हती. या तेलात अल्फा-पायनिन नावाचे द्रव्य बहुधा भरपूर असते, आणि चिडाच्या झाडापासून काढलेल्या टर्पेंटाइनमध्येही ते असतेच. लिंबाच्या सालीतले लिमोनिनही त्याच्या जोडीला असते. ही दोन्ही द्रव्ये हलकी, चटकन उडणारी, त्यामुळे पहिली पंधरा मिनिटे त्यांचीच. त्यांची गर्दी ओसरल्यावर मागून एक कोरडा, किंचित मिरीसारखा, जुन्या लाकडी कपाटाच्या आतला वाटावा असा वास येतो. पण तोपर्यंत मी खिडकी उघडून बसले होते.

मला जो वास हवा होता तो चाटी गल्लीतला होता. वडिलांचे तिथे कापडाचे लहान दुकान होते. चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी, हे आता गल्लीतल्या मुलांनाही सांगावे लागते. गुरुवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी दुकानात जाऊन गादीवर बसत असे आणि चार-साडेचारच्या सुमाराला एक फकीर येत असे. एका हातात मोरपिसांचा कुंचा, दुसऱ्या हातात साखळीला लटकवलेले भांडे. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहून भांडे दोन-तीनदा झुलवी आणि धूर आत सोडी. तो धूर गल्ल्यावरून, ताग्यांच्या ढिगावरून, वडिलांच्या टोपीवरून सरकत मागच्या भिंतीपर्यंत जाई आणि तिथल्या सिद्धेश्वराच्या तसबिरीपाशी काही वेळ रेंगाळे. वडील गल्ल्यातून नाणे काढून त्याच्या कटोऱ्यात टाकीत आणि धुरासाठी मान थोडी पुढे करीत. नव्या कोऱ्या कापडाच्या खळीचा वास आणि त्या लोबानचा वास यांचे जे काही व्हायचे, ते माझ्या दृष्टीने गुरुवार या वाराचे नाव होते. रात्री घरी आल्यावर वडिलांच्या सदऱ्याला तो असे. आई सदरा झटकून खुंटीला लावी आणि म्हणे, "आला बाजार घरी."

तेव्हा डिफ्यूझरच्या टाकीत मी पुढचे दोन महिने जे शोधत होते ते हे होते. सासूबाईंचा गुरुवार मी निमित्ताला पुढे केला होता.

मुलीच्या चिठ्ठीतले संत्रे घातल्यावर टर्पेंटाइनची धार बोथट झाली, हे मान्य केले पाहिजे. संत्र्याचे तेल मोठे मनमिळाऊ. पण त्याच्या अंगात केवढी खोडी आहे हे माळ्यावरून सामान काढताना कळले. हातात उघडी बाटली होती आणि तिच्यातला एक थेंब गणपतीच्या जुन्या थर्मोकोलच्या मखरावर पडला. 2018 सालच्या बंदीनंतर ते मखर वापरायचेही बंद झाले आहे, तरी मोह सुटत नाही म्हणून ठेवलेले. थेंब पडला तिथे थर्मोकोल विरघळून डोळ्यांदेखत खड्डा पडला. त्या दिवसापासून मी ही तेले काचेच्या बशीत ठेवते आणि त्यांना निरुपद्रवी म्हणत नाही. पुढच्या आठवड्यात वाळ्याचे तेल आणले. ते मधासारखे घट्ट असते. बाटली उलटी धरली तरी थेंब सुटायला वेळ लावते. फ्रँकिन्सेन्सचे तीन आणि वाळ्याचा एक, असा मेळ घातला आणि खोलीत सोलापूरचा मे महिना उभा राहिला. पारा 43 वर, खिडक्यांना वाळ्याचे पडदे, त्यांच्यावर तांब्याने मारलेले पाणी आणि आतल्या अंधारात पालथी पडलेली सारी भावंडे. वास उत्तम होता. पण दुपार होती ती. गुरुवारची संध्याकाळ नव्हती. नंतर दवण्याचे तेल आणले. चैत्रात ज्योतिबाला वाहतात तो दवणा. त्याचे तेल पिकल्या फळासारखे गोड आणि इतके बोलके की एक थेंबही जास्त होतो. गवती चहाने सगळ्यांचा आवाज बंद केला. निलगिरीचा मात्र एकदाच प्रयत्न केला, कारण पाचव्या मिनिटाला सासूबाईंना खोकल्याची उबळ आली आणि मी यंत्र बंद करून पंखा लावला. धूर नाही म्हणजे छातीला धोका नाही, असा जो माझा सोयीस्कर समज होता, तो त्या रात्री गेला. तेलाचे कणही नाजूक श्वासनलिकेला टोचू शकतात. तेव्हापासून शंभर मिलिलिटर पाण्याला तीन ते चार थेंब, खिडकी किलकिली, वीस मिनिटे, आणि मग बंद, हा नियम आहे.

आणखी एक गोष्ट सोलापूरकरांना सांगण्यासारखी, ती म्हणजे पाणी. नळाचे पाणी रोज येत नाही, आणि बोअरचे पाणी इतके जड की आठवड्याभरात चकतीवर पांढरी खपली धरते आणि धुक्याची धार लुळी पडते. मी आता पिण्याचे गाळलेले पाणी घालते, आणि महिन्यातून एकदा लिंबाच्या फुलाच्या, म्हणजे सायट्रिक ॲसिडच्या, पाण्याने चकती पुसते. धुपाला पिण्याचे पाणी घालणारी मी आमच्या घराण्यातली पहिलीच.

वासाचा शोध अखेर मंगळवार पेठेतल्या एका काष्ठौषधीच्या दुकानात संपला, म्हणजे चुकीचा ठरून संपला. मी लोबान मागितला. मालकांनी दोन पुड्या काढून काउंटरवर उलगडल्या. एकीत तपकिरी, मळकट, मध्ये मध्ये पांढरे ठिपके असलेले ढेकूळ होते. दुसरीत फिकट पिवळे, अर्धपारदर्शक, आसवांसारखे खडे. "जाळायला हा," ते पहिल्या पुडीकडे बोट करून म्हणाले, "आणि औषधाला हा कुंदरू. तुम्हाला कुठला?" मी पहिली पुडी नाकाशी नेली आणि चाटी गल्ली तिथेच होती. गोडसर, जवळजवळ व्हॅनिलासारखी. दुसऱ्या पुडीत माझी बाटली होती: तेच लिंबू, तोच चीड, फक्त झोपलेला.

इतके दिवस मी चुकीच्या झाडाखाली उभी होते. फकिराच्या भांड्यातला लोबान म्हणजे सुमात्रा-जावाकडच्या स्टायरॅक्स झाडाची राळ, जिला आपण ऊद म्हणतो. आणि फ्रँकिन्सेन्स म्हणजे बॉस्वेलिया नावाच्या झाडांची राळ, जी ओमानच्या धोफारमध्ये, येमेन, सोमालिया आणि इथिओपियात निघते. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. गोंधळ नावांनी केला. अरबीत 'लुबान' हा शब्द फ्रँकिन्सेन्ससाठी आहे. त्याचे मूळ दुधाच्या पांढरेपणाशी जोडलेले, कारण साल तासल्यावर झाडातून जो चीक येतो तो दुधासारखा असतो आणि वाऱ्या-उन्हात सुकून त्याची आसवे होतात. पूर्वेकडची राळ अरब व्यापाऱ्यांच्या हाती लागली तेव्हा त्यांनी तिला 'लुबान जावी', म्हणजे जावाचा लोबान, म्हटले. आपल्या बाजारात येईपर्यंत त्यातला जावा गळून पडला आणि लोबान उरला. 'ऊद' शब्दाची कथाही अशीच. अरबीत तो अगरूच्या लाकडाचा, आणि आपण तो या राळेला देऊन वर त्यातून 'उदबत्ती' काढली. शाळेतल्या नाताळच्या नाटकात मी पूर्वेकडून आलेल्या ज्ञान्यांपैकी एक होते. मराठी बायबलात त्यांच्या भेटी सोने, ऊद आणि गंधरस अशा लिहिल्या आहेत. माझ्या हातात ऊदाचा डबा म्हणून आईची कुंकवाची पेटी दिलेली होती. मूळ भेट फ्रँकिन्सेन्सची, नाव ऊदाचे आणि पेटी कुंकवाची. नावांनी एवढी सरमिसळ केल्यावर माझ्या नाकाला दोष देण्यात अर्थ नाही, असे मी स्वतःला समजावले.

तरी वाईट वाटायचे ते वाटलेच. दोन महिने मी ज्याच्यात वडील शोधत होते त्याच्यात ते कधी नव्हतेच.

दोन्ही पुड्या घेऊन घरी आले आणि कुंदरूची पुडी कुठे ठेवावी म्हणून औषधांची फळी उघडली, तर समोर सासूबाईंच्या गुडघ्यांच्या गोळ्या. डबीवर मोठ्या अक्षरांत शल्लकी लिहिलेले. गेली चार वर्षे मी स्वतः दर महिन्याला ती डबी आणते. शल्लकी म्हणजे सालई, बॉस्वेलिया सेराटा, म्हणजे त्याच कुळातले आपल्याकडचे झाड. सातपुड्याच्या आणि मेळघाटाच्या कोरड्या उतारांवर कागदासारखी साल सोडत उभे असते आणि हत्तींना फार आवडते म्हणून संस्कृतात त्याला गजभक्ष्या असेही नाव आहे. दुकानदारांचा कुंदरू हा त्याचाच चीक. म्हणजे ओमान-सोमालियाचा माल म्हणून जे मी परदेशी नावाच्या बाटलीतून थेंब थेंब मोजत होते, त्याचा घरचा भाऊ माझ्याच फळीवर, वेदनाशामक मलमाच्या शेजारी, बसून होता. शिवाय गंमत अशी की गोळी आणि बाटली या दोघींनी चीक वाटून घेतला होता. या चिकात तीन गोष्टी असतात: पाण्यात विरघळणारा डिंक, राळ आणि उडते तेल. गोळीवर ज्यांची टक्केवारी छापलेली असते ती बॉस्वेलिक आम्ले राळेतली, जड. ती वाफेवर चढत नाहीत. तेल काढताना चिकातून वाफ सोडतात आणि वाफेबरोबर जे हलके ते वर जाते, जड मागे उरते. त्यामुळे या तेलातही बॉस्वेलिक आम्ले असतात आणि ते हुंगल्याने सांधे सुधारतात, असे जे ठिकठिकाणी छातीठोकपणे लिहिलेले दिसते, त्याचा मला आता राग येतो. मनाला स्वस्थता येते म्हणतात त्याला थोडा आधार आहे. राळेतल्या इन्सेन्सोल ॲसिटेट या द्रव्याने उंदरांची भीती कमी झाल्याचे 2008 साली प्रसिद्ध झाले होते. पण ते उंदीर होते आणि द्रव्य वेगळे काढून दिलेले होते. आमच्या घरी स्वस्थता आली असेल तर ती बहुधा बटण दाबल्यावर सगळे वीस मिनिटे एका खोलीत बसतात म्हणून आली असेल.

एका संध्याकाळी सासूबाई भजनाला गेल्या असताना मी माळ्यावरून धुपाटणे काढले आणि गच्चीवर गेले. वर्तमानपत्रातून सोडवताना पितळेला जुन्या धुराची काळी साय दिसली. नखाने खरवडली तर निघेना. शेंडी पेटवली, निखारा धरू दिला आणि कुंदरूचा हरभऱ्याएवढा खडा त्याच्यावर ठेवला. आधी तो घामेजला, मग बुडबुडे आले. पहिला वास बाटलीतलाच, लिंबू आणि चीड, पण तो पाच-सात श्वासांपुरताच. मग खडा काळवंडत पसरला आणि आतून दुसराच धूर निघाला, जाड, थोडा कडू, साखर करपताना येतो तसा. बाटलीत जे नव्हते ते हे होते; कारण हे तेलात असतच नाही, जाळल्यावर तयार होते. मग उदाचा खडा टाकला. चाटी गल्ली आली. मी पाठ वाऱ्याकडे करून उभी राहिले. समोर पूर्व भागातल्या यंत्रमागांची खडखड मंद ऐकू येत होती. धुराने माझेच डोळे चुरचुरू लागले. दोन वर्षांत सवय गेली होती. हा धूर ऐंशीच्या छातीत गेला तर काय होईल, हे डॉक्टरांनी सांगण्याची गरज उरली नव्हती. निखाऱ्यावर पाणी शिंपडले, धुपाटणे गार झाल्यावर पुसून पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळले. रात्री सासूबाईंनी जेवताना एकदा मान वर करून श्वास घेतला, माझ्याकडे पाहिले आणि शेंगाची चटणी पुढे ओढली. त्या काही बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही.

त्यानंतर मी फ्रँकिन्सेन्सला लोबान व्हायला सांगणे सोडून दिले, आणि तेव्हापासून ते तेल मला आवडू लागले. आता आमच्याकडे फ्रँकिन्सेन्सचे दोन, संत्र्याचा एक आणि वाळ्याचा एक, एवढाच मेळ असतो. वाळा खाली धरून ठेवतो, संत्रे दार उघडते आणि मधला तो कोरडा वास आपल्या चालीने येतो. बाटली कपाटात अंधारात ठेवते, कारण उष्णतेने आणि हवेने ही तेले शिळी होतात, आणि शिळी तेले हाताला खाज आणतात. थेंब टाकताना कंजुषी करते, ती केवळ पैशांसाठी नव्हे. इथिओपियातल्या बॉस्वेलियाच्या जंगलांत नवी रोपे जगतच नाहीत, गुरे चरतात, वणवे लागतात, वर म्हाताऱ्या झाडांना पुन्हा पुन्हा चिरा, असे 2019 सालच्या एका अभ्यासात वाचल्यापासून पाचवा थेंब टाकताना हात आखडतो. मुलगी फोनवर विचारते, "मग, आजी वापरते का?" सासूबाई वापरतात. गुरुवारी दिवा लावून झाला की त्याच सांगतात, "ते ओला धूप लाव." नाव त्यांचे. तळहात अजूनही धरतात, चेहऱ्यावरून नेतात, पदराला पुसतात. ओले लागते हे आता बोलून दाखवत नाहीत.

परवा शुक्रवारी सकाळी त्यांचे इरकल भिजत घालायला उचलले. पदराचे टोक हातात आले ते सवयीने नाकाशी नेले. लिंबू रात्रीतून उडून गेले होते, चीडही नव्हता. संत्र्याचा मागमूस नव्हता. सुतात खोल कुठेतरी तो कोरडा, लाकडी, शेवटचा वास होता आणि त्याच्या मागे त्यांच्या हातांचा, खोबरेल तेलाचा. बादलीत पाणी भरून ठेवले होते. मी पदर हातात धरून मोरीपाशी उभी राहिले.

"लुगडं भिजवलंस का गं?" बाहेरून आवाज आला.

"घालते, आई," मी म्हणाले.